गायीच्या पायात चपला नसतात

थोरलीनं, म्हणजे गायीनं, टाकीचं पाणी प्यायचं सोडलं त्याला आठवडा होऊन गेला होता आणि घरात ज्याच्या त्याच्याकडे त्याचं एकेक कारण तयार होतं. नवरा म्हणे, हवा दमट आहे, गुरांना तहानच लागत नाही. सासरे म्हणत, टाकी नीट घासली नसेल. शेजारीण म्हणाली, गाय उतरणीला लागली, विकून टाका, आणि विकायची झालीच तर आधी आम्हाला सांगा. सून कुणालाच काही बोलली नाही. तिला बोलायला फुरसत कुठे होती? ती बादल्या वाहत होती.

कारण बादलीतून गाय पाणी प्यायची. तीच विहीर, तेच पाणी. टाकीत भरलं की थोरली टाकीपासून हातभर लांब थांबायची, मान पुढे करायची, नाक फेंदारायची आणि मागे सरायची. तेच पाणी प्लॅस्टिकच्या बादलीतून पुढं ठेवलं की एका दमात तळ दाखवायची आणि वर तोंड करून बघायची, म्हणजे आणखी आण. तिची कालवड, धाकटी, आईचं बघून तीही टाकीला पाठ करून उभी राहायला शिकली होती. दोन जनावरांचं पाणी विहिरीपासून गोठ्यापर्यंत हातानं वाहायचं म्हणजे काय, ते ज्यानं वाहिलंय त्यालाच कळेल. संध्याकाळी तांब्या उचलताना सुनेचा खांदा ठणकायचा. आणि कितीही वाहिलं तरी गायीचं पोट भरेल एवढं पाणी काही होत नव्हतं. दूध निम्म्यावर आलं होतं.

डेअरीतल्या मापाड्यानं तिच्या कॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "एवढंसंच? काय बाई, गाय संपावर गेली का? की आज पाणी घालायला विसरलात?"

रांग हसली. सूनही हसल्यासारखं करून बाजूला झाली. घरी येईपर्यंत रिकामा कॅन तिला भरल्या कॅनपेक्षा जड झाला होता.

जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. त्यानं गायीच्या तोंडात हात घातला, पोट ठोकून बघितलं, कान चाचपले. गाय ठणठणीत आहे, असं त्यानं सांगितलं आणि ठणठणीत गायीला तपासायचे पैसे घेऊन तो गेला.

पाऊस मोठा नव्हता. नुसती भुरभुर चालायची, पण थांबायचं नाव नव्हतं. गोठ्याच्या जमिनीला चिखलाची साय धरली होती. त्याच चिखलात एका सकाळी सुनेच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल चिखलात रुतून राहिली, पाय उघडा पुढे पडला आणि तोल सावरायला तिनं टाकीच्या काठावर हात टेकला.

हातातून कोपरापर्यंत मुंग्यांची एक ओळ सरसरत गेली. तिनं हात ओढून घेतला. खांद्याचं दुखणं असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिनं पुन्हा, नुसत्या बोटाच्या पाठीनं, टाकीला हळूच शिवून बघितलं. पुन्हा मुंग्या आल्या. हातभर अंतरावर थोरली उभी होती, ओल्या चिखलात चारही पाय रोवून, आणि तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात, सुनेला उगाच वाटलं, थोडा वैतागच होता. इतके दिवस सांगतेय, तुला आत्ता कळलं का?

तुटकी चप्पल हातात घेऊन ती धावतच ओसरीवर आली.

ओसरीवर तात्या बसले होते. तात्या म्हणजे तिचे सासरे. गाव त्यांना वायरतात्या म्हणायचं, कारण गावात वीज आली तेव्हा ती घराघरांत नेली तात्यांनी. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, तोंडात चार खिळे, असे ते गल्लीतून निघाले की पोरं मागं लागायची. ज्या घरात तात्या सकाळी शिरत त्या घरात संध्याकाळी दिवा लागे आणि म्हाताऱ्या बायका दिव्याच्या आधी तात्यांना हात जोडत. आता डोळ्यांत पडदे आले होते आणि हात असे थरथरत की कपातला चहा बशीत अन् बशीतला धोतरावर. पण एक नियम त्यांनी या घराला घालून दिला होता आणि तो अजून कुणी मोडला नव्हता. रबरी चपला घातल्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही, मोटर चालू करायची नाही, गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. दारात प्रत्येकाचा एकेक जोड. सून लग्न होऊन आली तेव्हा सासरकडून तिला पहिली वस्तू मिळाली ती रबरी चपलांचा जोड. माहेरी जाऊन तिनं सांगितलं तेव्हा बहिणी पोट धरून हसल्या होत्या.

"तात्या, टाकीत करंट आहे."

"चपला कुठायत तुझ्या?"

"तुटली एक. म्हणून तर कळलं. चपला होत्या म्हणून आपल्याला इतके दिवस कळलं नाही. गायीच्या पायात चपला नसतात ना!"

तात्यांनी तिच्या हातातली तुटकी चप्पल चाचपून बघितली. मग म्हणाले, "माझ्या वायरिंगमधून करंट गळत नाही. खांदा दुखतोय तुझा, शिरेला ताण आला असेल."

तिनं जाऊन मेन स्विच खाली ओढला. घरात एकच फ्यूज, सगळं घर, गोठा अन् मोटर त्याच्यावर. घरातला पंखा गरगरत थांबला. तिनं उघड्या पायानं जाऊन टाकीला पूर्ण पंजा लावला. काही नाही. तेव्हा तिनं थोरलीला दाव्यानं ओढत टाकीपाशी आणलं. थोरलीनं पाय रोवले, मान झटकली आणि दावं तिच्या हातातून निसटलं.

तात्या ओसरीच्या कडेला येऊन उभे राहिले होते. "मेन बंद आहे. तरी पीत नाही. मग करंट कुठला, सांग आता."

 पण आपल्या कोपराला मुंग्या आल्या होत्या, हे तिला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून ती दिवसभर मेन बंद ठेवू लागली. मोटर चालवायची तेवढ्यापुरता चालू करायची आणि तेव्हा बाहेरून कडी घालून पोरीला खोलीत ठेवायची.

पोर म्हणजे तिची मुलगी. नुकती रांगायला लागली होती आणि रांगायला लागल्यापासून तिला जगात एकच ठिकाण गाठायचं होतं, ते म्हणजे गोठा.

गावात विजेचं दुकान एकच होतं आणि ते टेस्टरचं. टेस्टर हे त्याचं नाव नव्हे, पण करंट तपासायचा टेस्टर खिशाला लावल्याशिवाय तो जेवायलाही बसत नसे, म्हणून तेच नाव पडलं. एके काळी तो तात्यांची शिडी धरायचा. शिडी धरता धरता काम शिकला, शहरात जाऊन नवं काम शिकून आला, आणि एकदा कुणाच्या तरी अंगणात चार माणसांत बोलून गेला की तात्यांचं वायरिंग आता उपसून टाकायलाच हवं. बोलला ते खोटं नव्हतं. पण खरं बोलायलाही जागा पाहावी लागते. तात्यांनी त्याला दार बंद केलं ते कायमचं. त्यानंतर एकेक करून गावानं टेस्टरला बोलावलं आणि टेस्टरनं घरोघरच्या तात्यांच्या वायरी झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या उतरवल्या. आता तात्यांच्या हातचं एकच घर उरलं होतं. तात्यांचं स्वतःचं.

सुनेनं सगळं सांगितलं. टेस्टरनं तिला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला.

"वहिनी, गाय बरोबर आहे. गायीला आपल्यापेक्षा कितीतरी आधी कळतं."

"पण मेन बंद केला तरी पीत नाही."

"दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. तिला काय माहीत तुम्ही स्विच कधी पाडता ते?" मग त्यानं मान खाजवली. "काम सांगू का? सगळी वायर नवी. घराची वेगळी, गोठ्याची वेगळी, मोटरची वेगळी. अंगणात खड्डा खणून अर्थिंग. आणि एक स्विच बसवायचा, जरा कुठं गळती झाली की माणसाला कळायच्या आत आपोआप पडतो. त्यात काटकसर करायची नाही. बाकी रंगीत बटणं वगैरे नकोत तुम्हाला."

त्यानं सामानाचा आकडा सांगितला. गोठ्याच्या पत्र्यांसाठी तिनं बाजूला ठेवले होते त्याहून तो बराच मोठा होता. ती स्टुलावरून उठली नाही, पण तिचे हात मांडीवरून खाली आले.

"माझी मजुरी नंतर द्या," टेस्टर म्हणाला. "नाहीतर असं करा, दुधाचा रतीब लावा माझ्याकडे. फिटेपर्यंत रोज घाला."

"दूधच कुठंय भाऊ? निम्म्यावर आलंय."

"मग झालंच की. माझं काम नीट झालं तर गाय पाणी पिणार, पाणी प्यायली तर दूध देणार, दूध दिलं तर मला पैसे मिळणार. काम वाईट केलं तर मीच उपाशी. याच्यापेक्षा मोठी गॅरंटी कंपनीसुद्धा देत नाही." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "पण तात्यांनी हो म्हटल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. चोरून येणार नाही. एवढं माझं सांगा."

नवरा डेअरीचा टेम्पो चालवायचा. पहाटे जायचा आणि दिवस कलताना यायचा. ऐकून म्हणाला, "चाललंय ना इतकी वर्षं? पुढच्या वर्षी बघू. पत्र्याचे पैसे घालवलेस तर गाय पावसात भिजेल."

"भिजलेली गाय वाळवता येते," ती म्हणाली. "अहो, मी मेन चालू करते, तुम्ही एकदा चपला काढून टाकीला हात लावा. मग बोला."

तो गेला. गोठ्यातून "आयला!" असं ऐकू आलं. परत आला तेव्हा तो हात चोळत होता आणि पुढच्या वर्षाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. पण तात्यांसमोर तोंड उघडायची त्याची तयारी नव्हती. "तूच बोल. तुझं ऐकतात," एवढं बोलून तो टेम्पो धुवायला निघून गेला. टेम्पो सकाळीच धुतलेला होता.

ती दोन दिवस संधी शोधत होती. संधी पोरीनंच आणली. दुपारी तात्या ओसरीवर डुलक्या घेत होते, सून मोटर बंद करायला विहिरीकडे गेली होती आणि जाताना कडी नीट बसली नव्हती. मोटर बंद झाली तरी मेन अजून चालूच होता. ती वळली तर पोर अंगण ओलांडून गोठ्याच्या दाराशी पोचलेली. दोन्ही तळहात चिखलात, गुडघे चिखलात, आणि टाकी पुढ्यात.  ती धावली, पण तिच्या आधी तात्या पोचले. त्या वयात, त्या डोळ्यांनी, ते ओसरीवरून कसे उतरले कुणास ठाऊक. त्यांनी पोरीला बखोटीला धरून उचललं आणि छातीशी घेतलं. त्यांचे हात इतके थरथरत होते की पोरीला तो खेळ वाटला आणि ती खदखदून हसली.

सुनेनं मेन पाडला आणि ओसरीच्या पायरीवर बसून रडून घेतलं. मग तोंड पुसून म्हणाली, "तात्या, हिच्या हातात पण चपला घालायच्या का आता?"

 पोर त्यांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घालत होती.

"तुमचं वायरिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. जुनं झालंय. माणूस पण होतं."

"जुनं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती," तात्या म्हणाले. आवाज खाली आला होता. "सूनबाई, त्या पट्ट्यांच्या आत काय आहे ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. लोकांच्या घरात मी अखंड वायर घातली. एक सांधा नाही. छाती ठोकून सांगायचो. आपल्या घरात घालायला पैसे नव्हते. पोरं लहान, तुझ्या सासूचं दुखणं. मग लोकांच्या कामातून वीतभर, हातभर उरलेले तुकडे मागून आणायचो आणि जोडायचो. हे सबंध घर तुकड्यांचं आहे. टेस्टर पट्टी काढेल आणि बघेल. मी त्याला शिकवलंय, सांधा म्हणजे चोरदरवाजा, करंट तिथूनच निसटतो. आता तो बघेल की तात्याच्या घरात दरवाजेच दरवाजे आहेत."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सुनेला वाटलं होतं म्हातारा अभिमानापायी अडलाय. अभिमान होताच, पण त्याच्या खाली लाज होती, आणि लाजेला समजावणं अभिमानाला समजावण्यापेक्षा अवघड. तिला त्यांची फार कणव आली. इतकी वर्षं हा माणूस आपल्याच घरात छताकडे बघत झोपत होता आणि तिथं काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

"मग टेस्टरनं कशाला काढायच्या पट्ट्या?" ती म्हणाली. "आपण काढू. मी वर चढते, तुम्ही खालून सांगा. तो येईल तेव्हा भिंती मोकळ्या असतील."

"तू? शिडीवर?"

"बादल्या वाहून हात घट्ट झालेत माझे. आणि उतरवायची मजुरीही वाचेल."

तात्यांनी पोरीला तिच्याकडे दिलं आणि उठून मेनपाशी गेले. त्यांनी फ्यूज ओढून काढला. या धंद्याचा नियमच होता, जो वर चढतो त्याच्याच जवळ फ्यूज. दुसऱ्याच्या भरवशावर कुणी वायरीला हात लावत नाही. टेस्टर शिडी धरायचा त्या सगळ्या वर्षांत तात्यांनी फ्यूज एकदाही त्याच्या हातात दिला नव्हता. त्यांनी तो सुनेच्या तळहातावर ठेवला.

"कमरेला खोच. खाली उतरेपर्यंत कुणाला द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही."

पट्ट्या उतरवायला बरेच दिवस गेले, कारण मधे गाय होती, चारा होता, बादल्या होत्या, चूल होती. कामं उरकून ती शिडीवर चढायची. खिळे गंजलेले, उपसताना मुंडकीच तुटायची. छतातला भुसा डोळ्यांत जायचा, मान अवघडायची, कोळ्यांची जाळी केसांत. खाली तात्या शिडी धरून उभे. त्यांची थरथर शिडीतून तिच्या पायांना जाणवायची. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय तात्या, सुनेला धंद्याला लावलं का?" तात्या म्हणाले, "हो, तुझ्याकडचं बिल थकलंय, वसुलीला तिलाच पाठवणार आहे." शेजारणीची मान कुंपणाआड गेली.

पट्टी निघाली की आतून वायर लोंबायची, आणि सांधे दिसायचे. लाल, मग काळी, मग कापडी वेष्टणाची तपकिरी, मग पुन्हा लाल. प्रत्येक सांध्याला घट्ट गुंडाळलेली चिकटपट्टी. सून तुकडे खाली सोडायची आणि तात्या ते डोळ्यांजवळ नेऊन, बोटांनी चाचपून सांगायचे.

"ही जाड लाल शाळेची. मास्तर म्हणाले, घेऊन जा, टाकूनच द्यायचीय. ही तपकिरी सुताराकडची. त्याच्या लग्नाच्या वेळचं काम. ही बघ, ही दवाखान्याची. डॉक्टरीणबाईंनी तुकडा दिला आणि वर तुझ्या सासूला औषध फुकट दिलं."

"आणि ही बारीक काळी?"

तात्यांनी ती बराच वेळ चाचपली. "ही मागून घेतली नव्हती," ते म्हणाले. "सावकाराच्या माडीवरची. अखंड होती, मीच कापली. हातभर."

"हातभरच ना? त्यांच्या माडीला काही कमी पडलं नसेल," ती वरून म्हणाली. तात्या हसले. ती आल्यापासून तिनं त्यांना इतक्या मोकळेपणानं हसताना क्वचितच पाहिलं होतं.

गोठ्याची ओळ शेवटी निघाली. पत्र्याच्या भिंतीला लागून जाणारी ती वायर खाली घेताना एक सांधा पत्र्यालाच चिकटून राहिला. तिनं ओढला तेव्हा चिकटपट्टीचा भुगा पडला. आत तांबं उघडं होतं, हिरवं पडलेलं, आणि पत्र्यावर तेवढ्याच जागी काळा डाग. त्या पत्र्यावर पाण्याचा लोखंडी पाइप बांधलेला होता आणि पाइप टाकीत उतरला होता. सांगायला काही उरलंच नव्हतं. तिनं तो तुकडा खाली दिला नाही, स्वतः घेऊन उतरली आणि त्यांच्या हातावर ठेवला.

तात्यांनी तो बोटांनी पाहिला. "माझाच," ते म्हणाले. "माझ्या सांध्यानं मुक्या जनावराला तहानलेलं ठेवलं." मग त्यांनी तो खिशात घातला.

उरलेलं तांबं नवऱ्यानं टेम्पोतून भंगारवाल्याकडे नेलं. शाळेची, दवाखान्याची, सुताराची, सावकाराची, सगळी वायर एकाच काट्यावर चढली. आलेले पैसे आणि पत्र्याचे पैसे मिळून सामानाची सोय होत होती. गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर त्यानं तूर्त ताडपत्री बांधली.

दुसऱ्या दिवशी तात्या सुनेला घेऊन टेस्टरच्या दुकानापाशी गेले. भुरभुर चालूच होती. टेस्टर गिऱ्हाइकाला बल्ब दाखवत होता, तो बल्ब हातात धरून तसाच उभा राहिला. तात्या पायरीवर चढले नाहीत. गिऱ्हाइकासमोर, भिजत, म्हणाले, "उद्या ये. खिळे तुझे आण, माझ्याकडचे गंजलेत."

"येतो तात्या."

एवढ्यावर भागलं.

टेस्टर आला तो उंबऱ्यात थांबला. दारातल्या चपलांची ओळ बघितली आणि आपली चामडी पायताणं काढून त्यातला एक रबरी जोड पायात घातला. तात्यांनी ते पाहिलं, पण दुसरीकडे पाहिल्यासारखं केलं. मोकळ्या भिंती बघून टेस्टर म्हणाला, "अरे वा, निम्मं काम झालेलंच आहे. गळती कुठं होती, सापडली का?"

"उंदरांनी कुरतडलं होतं," सून घाईनं म्हणाली.

"उंदीर नव्हे." तात्यांनी खिशातून तो हिरवा सांधा काढला आणि टेस्टरपुढे धरला.  "मी. सगळं घर असंच होतं. तुकड्यांचं. तू अंगणात बोललास ते बरोबर होतं."

 टेस्टरनं सांधा उलटसुलट करून पाहिला.

"किती वर्षांचा हा?"

"तुझ्या लग्नाआधीचा."

"मग माझ्या संसारापेक्षा घट्ट निघाला," टेस्टर म्हणाला. "तात्या, मी बोललो ते बरोबर होतं. चार माणसांत बोललो ते चुकलं." आणि तो लगेच शिडीकडे वळला, कारण असली वाक्यं बोलून तिथंच उभं राहणं कुणालाच जमत नाही.

नवऱ्यानं सुट्टी टाकून अंगणात खड्डा खणला. जमीन वरून लोणी आणि खाली दगड. फोड आले, फुटले, दांडा लाल झाला. खड्ड्यात धातूची जाड पट्टी उतरवून टेस्टरनं कोळसा आणि मीठ मागितलं. सुनेनं डबा पुढं केला तेव्हा तो म्हणाला, "डबा नाही वहिनी, पोतं. खड्ड्याला पोटभर मीठ घालायचं. मग तो खाल्ल्या मिठाला जागतो, जन्मभर करंट गिळतो आणि हूं का चूं करत नाही."

"माणसांना पण असं घालता आलं असतं तर," तात्या म्हणाले.

वायर अखंड होती. टेस्टर एकेक खोली ओढत गेला आणि तात्या खाली खुर्चीवर बसून प्रत्येक वळणाला "ढील दे, ढील दे" म्हणत राहिले. त्याला ते सांगायची गरज नव्हती, पण दर वेळी तो "बरं तात्या" म्हणत होता. शेवटी आपोआप पडणाऱ्या स्विचचा नवा डबा बसला. टेस्टरनं त्यातलं तपासायचं बटण दाबलं आणि स्विच खटकन पडला. पोरीनं टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यानं तो तिच्यासाठी आणखी दोनदा पाडला.

मग सगळे गोठ्यात गेले. टेस्टरनं टाकीला मीटर लावलं, पाइपला लावलं, पत्र्याला लावलं. काटा जागचा हलला नाही. सुनेनं टाकी घासून ताजं पाणी भरलं आणि थोरलीला सोडलं.

थोरली आली. हातभर लांब थांबली. मान पुढे केली, नाक फेंदारलं, आणि मागे सरली.

 नवऱ्यानं दावं धरून ओढलं, गायीनं पाय रोवले. टेस्टरनं पुन्हा मीटर लावलं आणि ते गायीकडे वळवून धरलं, जणू तिला वाचता येतं. "वहिनी, तिला माझं मीटर पटत नाही," तो म्हणाला, पण हसू काही पुरतं आलं नाही. सुनेच्या डोळ्यांपुढं पुन्हा बादल्या उभ्या राहिल्या. पत्र्याचे पैसे गेले, रतीब डोक्यावर, आणि दूध या गायीच्या विश्वासावर अडलेलं. 

तेव्हा तात्या पुढं आले. गोठ्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी एक हात खांबाला धरला आणि एकेक करून दोन्ही चपला काढल्या.

"तात्या!" नवरा म्हणाला. लहानपणापासून त्यानं बापाचे पाय या जागी उघडे पाहिले नव्हते. पांढरेफटक पाय होते ते, उन्हापावसाला न दिसलेले, बोटांच्या मधे पट्ट्याचा जुना वळ. तात्यांनी ते चिखलात ठेवले. चिखल बोटांमधून वर आला. चाचपडत ते टाकीपाशी पोचले आणि टाकीच्या काठावर दोन्ही पंजे सपाट टेकून उभे राहिले. गायीकडे त्यांनी पाहिलं नाही. पाण्याकडे बघत उभे राहिले.

हात थरथरत होते. पाण्यावर बारीक तरंग उठत होते.

थोरली बराच वेळ बघत राहिली. मग तिनं एक पाऊल टाकलं. तात्यांचा हात हुंगला, मनगट हुंगलं. त्यांच्या दोन हातांच्या मधोमध मान घालून ओठ पाण्याला लावले, उचलले, थांबली, आणि पुन्हा लावले. आणि मग ती प्यायला लागली. घोट मानेतून उतरताना दिसत होते. मागून धाकटीही आली आणि तिनं आईच्या पोटाखालून तोंड घातलं. कडेवरच्या पोरीच्या केसांत तोंड खुपसून सून रडू लागली.

"झालं तात्या," टेस्टर हळूच म्हणाला. "पितेय. आता या बाहेर, पाय गार पडतील."

"आधी तिला पोटभर पिऊ दे," तात्या म्हणाले. पाणी कमी होत गेलं, टाकीचा तळ दिसायला लागला. तात्यांनी हात काढले नाहीत.